संपादनाचा अधिकार : देहव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांच्या नियतकालिकांविषयी

महाराष्ट्रातील कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणचे वृत्तपत्र उघडून आतल्या पानावरील गुन्हेवार्ता वाचणाऱ्यास एका ठरावीक साच्याची बातमी वर्षानुवर्षे भेटत आली आहे : अमुक लॉजवर अगर अमुक गल्लीतील कुंटणखान्यावर पोलिसांनी छापा घातला, बनावट गिऱ्हाईक पाठवून खात्री करून घेण्यात आली, दोन पंचांसमक्ष पंचनामा झाला, रोख रक्कम व मोबाईल असा मुद्देमाल हस्तगत झाला, इतक्या पीडित महिलांची सुटका करून त्यांची रवानगी सुधारगृहात करण्यात आली आणि ‘पिटा’ (अनैतिक व्यापार प्रतिबंध) कायद्यान्वये गुन्हा दाखल झाला. शेजारी छायाचित्र असते. पदराने अगर ओढणीने तोंड झाकून ओळीने बसलेल्या बायका आणि त्यांच्यामागे छाती काढून उभे असलेले छापापथक. या बातमीत निरीक्षकांचे नाव हुद्द्यासह असते, लॉजच्या मालकाचे असते, गिऱ्हाइकाचे सहसा नसते. आणि जिच्यामुळे ती बातमी झाली तिच्या तोंडचे एक वाक्यही त्यात नसते. तिला त्या रात्री सुटका हवी होती काय, ती सुधारगृहात असताना तिच्या मुलाला कोणी जेवू घातले, हस्तगत झालेली रोकड तिची होती की कुंटणखाना चालवणाऱ्या घरवालीची आणि ती तिला पुढे परत मिळाली की सरकारजमा झाली, हे प्रश्न बातमीदाराच्या मनात येतच नसतील असे नाही. परंतु बातमीच्या त्या वहिवाटीत त्यांना जागा नाही.

पोलिसांच्या दप्तरात जबानी, न्यायालयात साक्ष, सुधारगृहात अर्ज, संशोधकाच्या प्रश्नावलीत उत्तर आणि समाजसेवी संस्थेच्या वार्षिक अहवालात ‘यशोगाथा’, अशा पाच-सहा रूपांत या स्त्रीचे बोलणे आजवर कागदावर उतरत आले. ही सर्व रूपे तपासून पाहिली तर त्यांत एक गोष्ट समान आढळते : प्रश्न दुसऱ्याचा, उत्तर तिचे, आणि उत्तरातले काय ठेवावे व काय गाळावे याचा निकाल पुन्हा दुसऱ्याचाच. ज्या विषयाची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना लिहिली जात आहे तो विषय या व्यवस्थेच्या उलट टोकाला उभा आहे. देहव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांनी (आणि पुरुषांनी व तृतीयपंथीयांनीही) स्वतः काढलेली, स्वतः संपादित केलेली आणि बहुतांशी स्वतःच्याच पैशावर चालवलेली नियतकालिके हा तो विषय होय. अशा प्रकाशनांविषयी बोलताना ‘मूक समाजाला वाचा फुटली’ असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पुरेसे वाटत नाही, कारण या बायका मूक कधीच नव्हत्या. त्यांच्यापाशी नव्हता तो संपादनाचा अधिकार, म्हणजे कोणता प्रश्न विचारण्याजोगा आहे, कोणता लेख छापण्याजोगा आहे आणि आपापसांतील कोणता मतभेद जगासमोर मांडण्याजोगा आहे, हे ठरवण्याचा अधिकार.

या चळवळीचा आधुनिक इतिहास सांगताना १९७५ सालच्या २ जूनपासून प्रारंभ करण्याचा प्रघात पडला आहे. त्या दिवशी फ्रान्समधील लियों शहरात शंभरावर स्त्रियांनी सें-निझिए या चर्चमध्ये ठाण मांडले. पोलिसांकडून होणारी दंडवसुली, कोठडीच्या शिक्षा आणि आपल्या सोबतिणींच्या खुनांकडे होणारे दुर्लक्ष ही त्यांची फिर्याद होती. सुमारे आठवड्याने पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. त्याआधी दोन वर्षे, १९७३ मध्ये, सान फ्रान्सिस्को येथे मार्गो सेंट जेम्स हिने ‘कायोटी’ नावाची संघटना स्थापन केली होती, आणि मला महत्त्वाचे वाटते ते हे की, त्या संघटनेने फार काळ न दवडता स्वतःचे वार्तापत्र काढले. मोर्चा संपला की रस्ता मोकळा होतो आणि जमलेली माणसे आपापल्या वाटेने जातात; छापलेला कागद मात्र ज्या बाईला मोर्चाला येता आले नाही तिच्या उशाखाली जाऊन पोहोचतो. पुढे न्यूझीलंडमध्ये १९८७ साली स्थापन झालेल्या संघटनेचे ‘सायरन’, अमेरिकेतील पोर्टलंड येथे १९९५ मध्ये टेरेसा डल्स हिने सुरू केलेले ‘डॅन्झीन’, अशी ही परंपरा वाढत गेली. न्यूझीलंडच्या संसदेने २००३ साली ६० विरुद्ध ५९ अशा एका मताच्या फरकाने हा व्यवसाय गुन्हेगारी कायद्याच्या कक्षेबाहेर काढला, त्या यशामागे त्या देशातील बायकांनी सोळा वर्षे चालवलेले लेखनाचे, पत्रव्यवहाराचे आणि निवेदनांचे काम होते.

या परंपरेत रिओ दि जानेरो येथील एका पत्राचा उल्लेख थोडा थांबून करणे मला अवश्य वाटते. गाब्रिएला लैती ही साओ पावलोच्या विद्यापीठात शिकलेली स्त्री. शिक्षण सोडून ती स्वेच्छेने या व्यवसायात आली, १९७९ मध्ये त्या शहरातील पोलिसी अत्याचारांविरुद्ध झालेल्या निदर्शनांत पुढे राहिली आणि १९८७ साली रिओ येथे ब्राझीलमधील वेश्यांचा पहिला राष्ट्रीय मेळावा तिने भरवला. दुसऱ्याच वर्षी, पत्रकार फ्लाव्हिओ लेंझ याच्यासह, तिने ‘बेइजो दा रुआ’ हे पत्र काढले. ‘रस्त्याचे चुंबन’ असे नाव घेऊन बाहेर पडणाऱ्या पत्राने लाज बाळगण्याचे नाकारले होते, हे उघडच आहे. रोगप्रतिबंधाची माहिती देण्याच्या निमित्ताने अशा स्त्रियांसाठी निघणारी पत्रके त्या काळी जगभर पुष्कळ होती. पण त्या पत्रकांतील स्त्री ही केवळ रोगाचे वाहन असे आणि तिच्याशी बोलण्याचा स्वर दवाखान्यातील परिचारिकेचा असे. गाब्रिएलाने आपल्या वाचक बाईला नागरिक मानले. तिला प्रेम असते, घरभाडे असते, राजकीय मत असते, कपड्यांची हौस असते आणि ती हसतेही, हे गृहीत धरून ते पत्र चालले. २०१३ साली गाब्रिएलाचे निधन झाले, तोवर तिचा शब्द ब्राझीलच्या आरोग्यधोरणात मोजला जाऊ लागला होता.

परंतु स्वतंत्र नियतकालिक या संस्थेची सर्व शक्ती आणि सर्व दुःखे एकाच ठिकाणी पाहायची असतील तर न्यूयॉर्क येथील ‘स्प्रेड’ या त्रैमासिकाकडे वळावे लागते. रेचेल एमी, रिबेका लिन आणि रेव्हन स्ट्रेगा या तिघींनी मार्च २००५ मध्ये त्याचा पहिला अंक काढला. नियतकालिक चालवण्याचा पूर्वानुभव त्यांच्यापाशी नव्हता, भांडवल नव्हते, मित्रमंडळींच्या निधिसंकलनाच्या मेजवान्यांतून छपाईचा खर्च निघाला आणि संपादनापासून गठ्ठे बांधण्यापर्यंतचे सर्व काम अखेरपर्यंत विनावेतन चालले. नावातील पहिल्या अक्षराच्या जागी डॉलरचे चिन्ह घालून त्यांनी विषय मलपृष्ठापर्यंत लांबवला नाही, मुखपृष्ठावरच सांगून टाकला. ‘अट्नी’ या नियतकालिकातर्फे स्वतंत्र प्रकाशनांना दिला जाणारा नव्या नियतकालिकाचा पुरस्कार त्याला २००५ सालासाठी मिळाला. पाच वर्षांहून थोडा अधिक काळ चालून २०११ साली ते बंद पडले. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्याच फेमिनिस्ट प्रेसने त्यातील निवडक लेखांचा संग्रह प्रसिद्ध केला. रेचेल एमीसह एलियाना कायझर आणि ऑडेशिया रे या त्याच्या संपादिका होत.

या त्रैमासिकाच्या संपादकमंडळाने आरंभीच एक निर्णय घेतला. देहव्यवसाय चांगला की वाईट, तो स्त्रीमुक्तीचा मार्ग की स्त्रीदास्याचा कळस, या वादात नियतकालिकाने अधिकृत भूमिका घ्यायची नाही असे त्यांनी ठरवले. ज्या बाईला आपले काम आवडते तिचा लेख येईल, जिला त्याची शिसारी येते तिचाही येईल, आणि जिला ते बँकेतील कारकुनीइतकेच कंटाळवाणे वाटते तिला तर अगत्याने बोलावले जाईल. अट एवढीच की लिहिणारीने ते काम स्वतः जाणलेले असावे. बाहेरून पाहणाऱ्यास ही भूमिका भेकडपणाची वाटण्याचा संभव आहे. माझ्या मते तीत धैर्य होते. चळवळीला एका घोषणेची गरज असते. कायदेमंडळासमोर दरखास्त घेऊन जाणाऱ्या शिष्टमंडळातील एकीने ‘हे काम मला नकोसे झाले आहे’ असे म्हटले तर विरोधक त्या वाक्याचे भांडवल करतात, म्हणून अशा वेळी थकलेल्या, मार खाल्लेल्या, पश्चात्ताप पावलेल्या बाईला मागच्या ओळीत बसवले जाते. उलट बाजूस, उद्धाराचे कार्य करणाऱ्या संस्थांच्या व्यासपीठावर केवळ तिलाच पुढे केले जाते आणि समाधानी अगर निर्विकार बाईला तेथे प्रवेश नसतो. या दोन्ही व्यासपीठांवर न मावणारे असे जे बहुसंख्य अनुभव असतात, म्हणजे काल बरे वाटले, आज नको वाटते, पण मुलीच्या शाळेची फी भरायची आहे आणि दुसऱ्या कामात याच्या चौथा हिस्साही मिळत नाही अशा तऱ्हेचे, त्यांना नियतकालिकाखेरीज दुसरे घर नाही.

त्या निवडक संग्रहाचे प्रकरणवार विभाग जरी पाहिले तरी त्या संपादनाची दृष्टी ध्यानात येते : कामाची जागा, श्रम, कुटुंब व नाती, गिऱ्हाइके, हिंसा, प्रतिकार, प्रसारमाध्यमे व संस्कृती. यांत ‘पतन’ नाही आणि ‘उद्धार’ही नाही. गिरणीकामगारांच्या पत्रात जे विभाग आढळावेत जवळजवळ तेच हे आहेत. बहुतेक लेखिका टोपणनावाने लिहीत, आणि त्यामुळे संपादकांवर एक विलक्षण जबाबदारी येत असे. सामान्य संपादकाला लेखकाच्या नावाचा आधार असतो. लेख खोटा निघाला तर लेखकाची अब्रू जाते. येथे लेखिकेला अब्रू जपण्यासाठीच नाव लपवावे लागे, म्हणून लेखाच्या खरेपणाची सारी हमी संपादकांना आपल्या विवेकावर घ्यावी लागे आणि शिवाय खरे नाव कोणाच्याही हाती पडणार नाही हेही पाहावे लागे.

स्वतंत्र नियतकालिकाच्या अर्थकारणाविषयी मराठी वाचकाला फार समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. लघुनियतकालिकांच्या चळवळीने ते आपल्याला शिकवले आहे. तथापि अमेरिकेतील त्या विशिष्ट वर्षांची हकीकत ठाऊक असावी. तेथे नियतकालिक दुकानात जाते ते उधारीवर. वितरक आपला भाग कापून घेतो, विक्रीचा पैसा कित्येक महिन्यांनी हाती येतो, आणि न खपलेल्या अंकांचे मुखपृष्ठ फाडून तेवढेच पुरावा म्हणून परत येते, बाकीचा अंक रद्दीत जातो. २००६ च्या अखेरीस स्वतंत्र प्रकाशकांच्या एका मोठ्या संघाचे वितरणाचे काम बुडाले आणि त्यात अनेकांची येणी अडकली. ‘क्लॅमर’ हे नियतकालिक त्याच वर्षअखेरीस थांबले आणि शिकागोचे ‘पंक प्लॅनेट’ २००७ मध्ये ऐंशीव्या अंकावर बंद झाले. त्याच वर्षीच्या जुलैत टपालखात्याने नियतकालिकांच्या दरांची जी फेररचना केली तिचा बोजा मोठ्या कंपन्यांपेक्षा छोट्या प्रकाशकांवरच अधिक पडला. अशा पडझडीत, जाहिरातदार ज्याच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत अशा विषयाचे त्रैमासिक पाच वर्षे टिकते, ही गोष्ट मला त्याच्या बंद पडण्यापेक्षा कितीतरी अधिक विचार करण्याजोगी वाटते.

विनावेतन श्रमावर चाललेल्या त्या उपक्रमात आणखी एक दोष होता, आणि तो त्याच्या चालकांनी लपवला नाही. संपादकमंडळ बहुतांशी गोऱ्या वर्णाच्या तरुणींचे होते. ज्या काळ्या व इतर वर्णांच्या बायकांना पोलिसांचा दंडुका सर्वांत आधी लागतो त्यांना संध्याकाळचे चार तास फुकट देणे परवडत नव्हते. अखेरच्या काळात वंश या विषयावरील विशेषांक निघाला, आणि त्याचे संपादन त्या वर्णांच्या स्वतंत्र गटाकडे सोपवण्यात आले. स्वतःच्या नियतकालिकाची चावी काही काळ दुसऱ्यांच्या हाती देणे हे संपादकाला किती जड जाते, हे ज्यांनी एखादा दिवाळी अंक जरी काढला असेल ते जाणतील.

२००५ हे साल या हकीकतीत दुसऱ्याही एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. अमेरिकेने २००३ साली एड्सनिवारणासाठी केलेल्या कायद्यात अशी अट घातली होती की, ज्या संस्थेला हे अनुदान हवे तिने वेश्याव्यवसायाला आपला स्पष्ट विरोध असल्याची लेखी ग्वाही द्यावी. २००५ मध्ये ब्राझीलने ही अट अमान्य करून चार कोटी डॉलरांच्या मदतीवर पाणी सोडले. आणि त्याच वर्षी सांगलीच्या ‘संग्राम’ संस्थेनेही तो अमेरिकन पैसा नाकारला. मीना शेषू यांच्या पुढाकाराने १९९२ पासून सांगली परिसरात काम करणाऱ्या या संस्थेच्या आश्रयाने ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ १९९६ साली उभी राहिली होती. गोकुळनगरसारख्या वस्त्यांतील बायकाच एकमेकींना निरोध वाटत, एकमेकींना दवाखान्यात नेत आणि पोलीस ठाण्यावर एकमेकींसाठी जाऊन बसत. ज्या बायकांच्या बळावर काम उभे राहिले त्यांच्याच विरोधाचा कागद लिहून देऊन त्यांच्यासाठी पैसा घ्यायचा, हा व्यवहार त्यांना मान्य होण्यासारखा नव्हता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती अट तेथील संस्थांपुरती घटनाबाह्य ठरवली, पण २०२० च्या निकालाने परदेशी संस्थांवरील तिचा अंमल कायम ठेवला.

न्यूयॉर्कमधील तिघी तरुणी आणि सांगलीतील परिषद यांच्यात काही संधान होते असे मला म्हणावयाचे नाही. परंतु एकाच वर्षी, एकाच सरकारच्या धोरणाच्या छायेत, एकीकडे ‘आम्ही भूमिका लिहून देणार नाही’ असे म्हणणारे नियतकालिक जन्मते आणि दुसरीकडे ‘आम्ही ग्वाही लिहून देणार नाही’ असे म्हणणारी संस्था पैसा नाकारते, तेव्हा स्वातंत्र्य या शब्दाचा व्यावहारिक अर्थ दोन्ही ठिकाणी एकच होता हे मान्य करावे लागते. देणगीदार चांगला असो वा वाईट, त्याला एक उत्तर हवे असते. ज्या नियतकालिकाला अनेक उत्तरे छापायची आहेत त्याला देणगीदार परवडत नाही.

मराठीत असे नियतकालिक निघाले नाही, हे नमूद करताना मन विषण्ण होते. कारण त्याची पूर्वपीठिका आपल्याकडे भक्कम होती. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. पत्नी मालतीबाईंच्या साथीने, पदरमोड करून, जवळजवळ एकट्याच्या लेखणीवर. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात, जो वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून उद्भवला होता, त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. कामविषयक प्रश्नाला शास्त्रीय उत्तर देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, हा बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा आशय होता. खटल्याचा निकाल विरुद्ध गेला आणि कर्व्यांना दंड झाला. कर्व्यांनी वेश्याव्यवसायावरही पुस्तक लिहिले, आणि नीतीच्या गप्पा बाजूस सारून त्या विषयाकडे आरोग्य व विवेक यांच्या दृष्टीने पाहिले. पण तेथेही लिहिणारे कर्वे होते. पुढे १९७२ साली मुंबईतील वेश्यावस्तीचे नाव घेतलेला नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला, त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली, आणि पांढरपेशा वाचकाला त्या वस्तीत हाताला धरून नेण्याचे काम त्या प्रस्तावनेने केले. ढसाळ त्याच गल्ल्यांत वाढलेले होते, हे त्या कवितेचे बळ. त्या गल्ल्यांतील बाईने स्वतः अंक काढण्याची वेळ मात्र अद्याप आलेली नाही.

येथे एका गंभीर आक्षेपाला सामोरे गेल्याशिवाय ही प्रस्तावना प्रामाणिक ठरणार नाही. ज्या बाबासाहेबांनी कर्व्यांचे वकीलपत्र घेतले, त्यांनीच १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातील जोगतिणी, मुरळ्या व देवदासी यांच्यापुढे बोलताना हे जिणे सोडून देण्यास त्यांना निक्षून सांगितले होते. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवर यल्लम्माला सोडलेल्या मुली कोणत्या जातींच्या असत, मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या घरांतून बायका आल्या, हे जाणणाऱ्या दलित स्त्रीवादी लेखिका विचारतात की, ज्या व्यवसायाची भरती जातीने ठरवून दिली त्याला ‘काम’ म्हणून प्रतिष्ठा देणे म्हणजे जातीच्याच हुकमावर मखलाशी करणे नव्हे काय. हा प्रश्न न्यूयॉर्कच्या त्रैमासिकाला पडला नाही, पडण्याचे कारणही नव्हते. आपल्याला तो टाळता येत नाही. सांगलीच्या परिषदेतील पुष्कळ बायका स्वतः देवदासी परंपरेतून आलेल्या आहेत, आणि तरीही ‘आमचा उद्धार करू पाहणाऱ्यांपासून आम्हांला वाचवा’ असे त्या म्हणतात. या दोन म्हणण्यांपैकी एकाला खोटे ठरवून मोकळे होण्याची घाई मला मान्य नाही. जात नसती तर ती बाई येथे नसती हे खरे. आणि आज ती येथे आहे, तिला घर चालवायचे आहे, सुधारगृहाची भिंत तिला तुरुंगाहून वेगळी दिसत नाही हेही खरे. या वादाची योग्य जागा परिसंवादाचे व्यासपीठ नव्हे, कारण तेथे वाद घालणाऱ्या दोघीही बहुधा प्राध्यापक असतात. तो वाद त्या बायकांनी स्वतः, अंकामागून अंक, एकमेकींना उत्तरे देत घालावा, आणि आपण वर्गणी भरून वाचावा.

परिषदेच्या बायकांनी आपले म्हणणे मांडण्यासाठी रंगमंच वापरला आहे. सुषमा देशपांडे यांच्या साहाय्याने त्यांनी आई, घरवाली, तिचा मालक आणि त्याची बायको या नात्यांच्या गुंत्यावर नाटक बसवले, आणि आपल्या वस्तीतल्या बोलीत त्याचे प्रयोग केले. हे माध्यम त्यांनी निवडले यामागे कारण आहे. पुष्कळ बायकांना लिहिता-वाचता येत नाही. कानडी व मराठी यांची सरमिसळ असलेली त्यांची भाषा छापील मराठीत आणताना तिचे हाल होतात. उद्या कोणी असे नियतकालिक काढायचे ठरवले तर ते एकीने वाचायचे आणि दहा जणींनी ऐकायचे असे असावे लागेल, वाक्ये तोंडात बसणारी असावी लागतील, आणि शुद्धलेखनाची तलवार उगारणारा संपादक त्याला चालणार नाही.

कायद्याने परिस्थिती थोडी पालटली आहे. बुद्धदेव कर्मास्कर विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या प्रकरणात १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशात सज्ञान व स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांना अटक, दंड वा छळ होऊ नये असे म्हटले आहे; आणि छापा, अटक वा सुटकेच्या बातम्यांत या स्त्रियांची ओळख नावाने अगर छायाचित्राने उघड होणार नाही याची काळजी प्रसारमाध्यमांनी घ्यावी, अशीही सूचना त्यात आहे. तोंड झाकलेल्या बायकांच्या त्या ओळीला न्यायालयाने हरकत घेतली, याचे मला मोल वाटते. पण १९५६ चा तो ‘पिटा’ कायदा जागेवरच आहे, आणि त्याच्या चौथ्या कलमान्वये या बाईच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारी अठरा वर्षांवरील व्यक्ती गुन्हेगार ठरते. महाविद्यालयात शिकणारा तिचा मुलगाही त्या व्याख्येत बसू शकतो. तिकडे अमेरिकेत अशा मजकुरासाठी संकेतस्थळांना जबाबदार धरणारा कायदा एप्रिल २०१८ मध्ये झाल्यानंतर जालावरील जाहिरातींची आणि आपापसांत धोक्याचे इशारे देण्याची ठिकाणे धडाधड बंद झाली. एका सहीने ती पुसली गेली. ‘स्प्रेड’चे २००५ ते २०११ मध्ये छापलेले अंक मात्र आजही वाचता येतात.

नियतकालिक काढू पाहणाऱ्या स्त्रियांसमोर आपल्या देशात आणखी एक अडचण उभी राहते, जी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्यान्वये मुद्रकाला व प्रकाशकाला दंडाधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञापन करावे लागे आणि प्रत्येक अंकावर मुद्रक, प्रकाशक व संपादक यांची नावे व प्रकाशनस्थळ छापावे लागे. १ मार्च २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने दंडाधिकाऱ्यासमोरचे ते प्रतिज्ञापन काढून टाकले आणि नोंदणी ऑनलाइन केली. अंकाच्या पायाशी नावे घालण्याचा शिरस्ता मात्र राहिला आहे. लेखिका टोपणनावाने लिहू शकते. प्रकाशिकेला ती सोय नाही. म्हणजे तीस जणींची नावे झाकायची तर एकीला आपले नाव उघडे ठेवावे लागणार, आणि त्या एकीच्या घरमालकाने, मुलाच्या शाळेने व ठाण्यातल्या हवालदाराने ते वाचले तर त्यास तोंड देण्याची तयारीही तिला ठेवावी लागणार. परिषदेच्या पदाधिकारी स्त्रिया गेली कित्येक वर्षे आपल्या खऱ्या नावानिशी, तोंड न झाकता, अधिकाऱ्यांसमोर, पत्रकारांसमोर आणि परदेशी सभांतून बोलत आल्या आहेत. मराठीत असा अंक काढण्याचा विचार कोणाच्या मनात आला तर त्याने आधी सांगलीला जावे, आपला आराखडा त्यांच्यापुढे ठेवावा, आणि अंकाच्या पायाशी नाव कोणाचे असावे व आतल्या पहिल्या लेखाचा विषय काय असावा हे दोन्ही निर्णय त्यांच्यावर सोपवावेत.